मिश्रधातूत कोणता धातू किती? वजनावरून प्रमाण काढण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रात्यक्षिकाच्या आधी बी.एस्सी., एम.एस्सी.चे विद्यार्थी जे विचारतात ते प्रश्न इथे आहेत, आणि देवघरातला जुना रुपया घेऊन "यात चांदी किती हो?" असे विचारणाऱ्यांचेही आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवले आहे: १९४० ते १९४५ या काळातला सहाव्या जॉर्जचा रुपया.

हाच रुपया का?

कारण त्यात चार धातू आहेत आणि त्यांचे ठरवून दिलेले प्रमाण आपल्याला आधीच माहीत आहे: चांदी ५० टक्के, तांबे ४०, निकेल ५ आणि जस्त ५. उत्तर ठाऊक असलेल्या नमुन्यावर हात बसवावा, मग अनोळखी नमुना घ्यावा.

१८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया, म्हणजे आपण ज्याला राणीछाप किंवा राजाछाप म्हणतो तो, ९१.६७ टक्के चांदीचा होता. बारा भागांत अकरा भाग चांदी. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, जुना तोळा तो हाच. (आज सराफाकडे तोळा म्हटले की दहा ग्रॅम धरतात, तो वेगळा.) दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच ठेवले. १९४७ च्या रुपयात तर चांदी उरलीच नाही, तो निकेलचा निघाला. एकाच वजनाच्या दोन रुपयांपैकी एकात १०.६९ ग्रॅम चांदी आणि दुसऱ्यात ५.८३ ग्रॅम, म्हणून हा प्रश्न घरोघरी पडतो.

भारात्मक विश्लेषणात, म्हणजे वजनावरून प्रमाण काढण्यात, नेमके काय करतात?

नमुना तोलायचा, आम्लात विरघळवायचा, हवा तो धातू न विरघळणाऱ्या संयुगाच्या रूपात साक्यासारखा खाली बसवायचा, गाळून, धुऊन, वाळवून तो साका तोलायचा. त्या साक्यात धातूचा वाटा किती हे रासायनिक सूत्रावरून ठरलेले असते. म्हणजे सुरुवातीला एक वजन, शेवटी एक वजन, आणि मध्ये एक गुणाकार. यंत्र लागते ते तराजू एवढेच. पण तो चार दशांश स्थळांपर्यंतचा, ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा हवा.

इथे एक गोष्ट सुरुवातीलाच बोलून टाकतो. विद्यार्थ्यांना धास्ती गणिताची असते, आणि गणित या सगळ्यात सर्वांत सोपे आहे. तराजू तुम्ही पुढे ठेवाल ते तोलतो. पुढे ठेवलेले शुद्ध आहे की नाही हे त्याला कळत नाही. चूक होते ती गाळण्यात, धुण्यात आणि वेगळे करण्यात.

गुणक कुठून येतो?

साक्याच्या रेणुभारात हव्या त्या धातूचा भार किती, हे गुणोत्तर म्हणजे गुणक. सिल्व्हर क्लोराइडचा रेणुभार १४३.३२, त्यात चांदी १०७.८७. भागाकार ०.७५२६. म्हणजे एक ग्रॅम सिल्व्हर क्लोराइडमध्ये ०.७५२६ ग्रॅम चांदी.

आपल्या रुपयाला लागणारे बाकीचे गुणक:
क्युप्रस थायोसायनेटमध्ये तांबे ०.५२२५
निकेल डायमिथाइलग्लायॉक्झिमेटमध्ये निकेल ०.२०३२
झिंक पायरोफॉस्फेटमध्ये जस्त ०.४२९१

शेवटच्यात दरवर्षी कुणी ना कुणी अडखळते. झिंक पायरोफॉस्फेटच्या एका रेणूत जस्ताचे दोन अणू असतात, म्हणून वर ६५.३८ नाही, त्याची दुप्पट घ्यायची. दुप्पट विसरलात तर जस्त बरोबर निम्मे येते. उत्तर अपेक्षेच्या नेमके निम्मे किंवा दुप्पट आले तर बाटल्या तपासण्याआधी सूत्र तपासा.

गुणक लहान असणे चांगले की मोठा?

लहान. निकेलच्या साक्यात निकेल फक्त पाचवा हिस्सा, म्हणजे १० मिलिग्रॅम निकेलपासून जवळजवळ ४९ मिलिग्रॅम साका मिळतो. तोलण्यातली तीच चूक पाचपट मोठ्या वजनावर विभागली जाते. पोलादातले थोडेसे निकेल या पद्धतीने चांगले सापडते त्याचे एक कारण हे आहे.

नमुना कुठून आणि किती घ्यायचा?

साधारण अर्धा ग्रॅम पुरतो. "कुठून" हे मात्र जास्त महत्त्वाचे. चांदी-तांब्याच्या नाण्याचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा चांदीने समृद्ध असतो. टाकसाळीत तापवताना पृष्ठभागावरचे तांबे ऑक्साइड होते, आम्लाच्या धुण्यात ते निघून जाते आणि वर चांदी उरते. पुढे वर्षानुवर्षांच्या गंजण्या-घासण्यानेही तेच होते. वरवर कानस मारून मिळालेला चुरा तोलला तर चांदी फुगून येणार. वरचा थर खरवडून टाकून आतले घ्यावे, किंवा पूर्ण तुकडा विरघळवावा. पैंजणासारख्या दागिन्यात झाळकामाच्या जागी वेगळाच धातू असतो, त्यामुळे तिथला तुकडा संपूर्ण दागिन्याचे उत्तर देत नाही.

कानशीचा लोखंडी कण चुऱ्यात येतो. चुऱ्यावरून लोहचुंबक फिरवून तो काढा.

चारही धातू वेगळे कोणत्या क्रमाने करायचे?

आधी चांदी. नमुना समप्रमाणात पाणी घातलेल्या नायट्रिक आम्लात फ्यूम हुडमध्ये (धूर बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) विरघळवा. तांबूस-तपकिरी धूर विषारी असतो, खिडकी उघडी ठेवून भागत नाही. चारही धातू विरघळतात. तळाशी पांढरे काही राहिले तर कथील, काळसर राहिले तर सोने असण्याची शक्यता. द्रावण पातळ करून गरम करा आणि ढवळत ढवळत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल किंचित जास्त होईल इतकेच घाला. खूप जास्त घालू नका, जास्तीच्या क्लोराइडमध्ये सिल्व्हर क्लोराइड पुन्हा थोडे विरघळते. साका गुठळ्या धरेपर्यंत गरम ठेवा, मग अंधारात दोन तास राहू द्या.

अंधार का, हे समजून घेण्यासारखे आहे. उजेडात सिल्व्हर क्लोराइड जांभळट पडते, कारण क्लोरीन सुटून चांदी मोकळी होते. आपण चांदी मोजत आहोत आणि द्रावणात क्लोराइड जादा आहे, तेव्हा सुटलेले क्लोरीन निघून जाते आणि वजन कमी भरते. उलट कुणी क्लोराइड मोजत असेल आणि द्रावणात चांदी जादा असेल, तर सुटलेले क्लोरीन पाण्याशी क्रिया करून नवे क्लोराइड देते, ते आणखी साका पाडते आणि उत्तर जास्त येते. साका तोच आणि उजेडही तोच, पण चूक विरुद्ध बाजूंना.

साका अगदी पातळ नायट्रिक आम्लाने धुवा. नुसत्या पाण्याने धुतला तर गुठळ्या फुटून तो दुधाळ होतो आणि गाळणीतून निसटतो. १३० ते १५० अंश सेल्सिअसला वाळवा.

गाळून आलेले द्रावण आणि धुण्याचे पाणी २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये भरा. त्यातले १०० मिलिलिटर घेऊन थोड्या सल्फ्युरिक आम्लाबरोबर पांढरा धूर येईपर्यंत आटवा, म्हणजे नायट्रिक आम्ल जाईल. ते राहिले तर पुढचे थायोसायनेट खाऊन टाकते. पाणी घालून, किंचित आम्लयुक्त ठेवून, अमोनियम बायसल्फाइट घातले की तांबे क्युप्रस अवस्थेत येते. त्यावर अमोनियम थायोसायनेट सावकाश घातले की पांढरा साका पडतो. निळेपणा जाऊन निकेलचा फिका हिरवा रंग उरला तर समजा काम ठीक चालले आहे. साका ११० ते १२० अंशांना वाळवा.

आता उरले निकेल आणि जस्त. जास्तीचे थायोसायनेट नायट्रिक आम्लाबरोबर उकळून नष्ट करा. हेही फ्यूम हुडमध्येच, कारण इथे हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. मग अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया घालून, गरम द्रावणात डायमिथाइलग्लायॉक्झिमचे अल्कोहोलातले एक टक्का द्रावण घाला. कुंकवासारखा लालभडक साका पडतो. लेव्ह चुगायेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये दाखवलेली ही क्रिया इतकी निवडक आहे की जस्त शेजारी असूनही हलत नाही. हा अभिकारक, म्हणजे डायमिथाइलग्लायॉक्झिम, खूप जास्त घालू नये: तो स्वतः पाण्यात फारसा विरघळत नाही आणि साक्यात मिसळून वजन वाढवतो. अल्कोहोल फार झाले तर उलट साकाच विरघळतो.

शेवटी जस्त. डायमिथाइलग्लायॉक्झिम आम्लाबरोबर आटवून नष्ट करायचे, द्रावण उदासीनच्या जवळ आणायचे, डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेटने झिंक अमोनियम फॉस्फेट पाडायचे आणि सुमारे ९०० अंशांना तापवून पायरोफॉस्फेट करायचे. पीएच इकडे तिकडे गेला तर जस्त द्रावणातच राहते. चारांत त्रास देणारा धातू हाच.

तांबे आधी न काढता सरळ निकेल पाडले तर?

निकेल जास्त भरेल. तांबेही याच अभिकारकाशी जुळते. ते संयुग विरघळणारे असते, पण तांबे इतके जास्त असताना काही भाग लाल साक्याबरोबर खाली येतो. साका विटकरी, मळकट दिसला तर विरघळवून पुन्हा पाडा.

आकडेमोड एकदा करून दाखवाल का?

आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. नमुना ०.५०१२ ग्रॅम.

चांदी: सिल्व्हर क्लोराइड ०.३३१८ ग्रॅम मिळाले.
०.३३१८ × ०.७५२६ = ०.२४९७ ग्रॅम चांदी
०.२४९७ ÷ ०.५०१२ × १०० = ४९.८२ टक्के

(भागाकार गणकयंत्रात पूर्ण आकडे ठेवून केला आहे, मधे गोल केलेले नाहीत. तुम्हीही शेवटीच गोल करा.)

तांब्यासाठी २५० पैकी १०० मिलिलिटर घेतले, म्हणून पुढे सगळीकडे २.५ ने गुणायचे. वहीत सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी पायरी ही.

तांबे: साका ०.१५३१ ग्रॅम.
०.१५३१ × ०.५२२५ × २.५ = ०.२००० ग्रॅम, म्हणजे ३९.९० टक्के

निकेल: साका ०.०४८९ ग्रॅम.
०.०४८९ × ०.२०३२ × २.५ = ०.०२४८ ग्रॅम, म्हणजे ४.९६ टक्के

जस्त: साका ०.०२३१ ग्रॅम.
०.०२३१ × ०.४२९१ × २.५ = ०.०२४८ ग्रॅम, म्हणजे ४.९४ टक्के

बेरीज ९९.६२.

बेरीज १०० का नाही आली? आणि १०० आली तर उत्तर बरोबर समजायचे का?

९९.६२ ही चांगली बेरीज आहे. थोडा साका भांड्याला चिकटतो, थोडा धुण्यात जातो, आणि नाण्यात न मोजलेल्या अशुद्धीही असतात. जस्ताचा साका फक्त २३ मिलिग्रॅम. रिकाम्या आणि भरलेल्या मुशीच्या दोन तोलण्यांत मिळून ०.२ मिलिग्रॅम चुकले तरी जस्ताच्या आकड्यात जवळजवळ एक टक्का फरक पडतो, म्हणजे ४.९४ चे ४.९० किंवा ४.९८. म्हणून ४.९४४ असे तिसरे दशांश स्थळ लिहिणे म्हणजे दिखावा.

मला ९९.६ पेक्षा नेमक्या १००.०० ची जास्त शंका येते. तांबे नीट धुतले नाही आणि तेवढेच जस्त द्रावणात राहिले, तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बेरीज छान येते. खरी तपासणी म्हणजे ठाऊक प्रमाणाचा नमुना शेजारी चालवणे आणि प्रत्येक नमुना दोन-तीनदा करणे.

जस्त मोजायचा कंटाळा येतो. १०० मधून बाकीचे वजा केले तर?

चालते, पण मग ते "वजाबाकीने" असे स्पष्ट लिहा. वरच्याच उदाहरणात जस्त ५.३२ टक्के आले असते, म्हणजे बाकी तिघांतली सगळी तूट आणि अशुद्धी जस्ताच्या माथी. मोठ्या घटकाच्या बाबतीत हे खपते, लहान घटकाच्या बाबतीत नाही.

धातू वेगळे न करता, दोन समीकरणे मांडून प्रमाण काढता येते ना?

दोनच धातू असतील तर येते, आणि परीक्षेत हा प्रश्न आवडीने विचारला जातो. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचा एक ग्रॅम मिश्रधातू घ्या, दोन्हींचे पूर्ण ऑक्साइड केले आणि वजन १.८२०१ ग्रॅम भरले असे समजा. एक ग्रॅम ॲल्युमिनियमचे ऑक्साइड १.८८९४ ग्रॅम होते, एक ग्रॅम मॅग्नेशियमचे १.६५८३. ॲल्युमिनियम क्ष ग्रॅम धरले तर

१.८८९४ क्ष + १.६५८३ (१ − क्ष) = १.८२०१
०.२३११ क्ष = ०.१६१८
क्ष = ०.७००

ॲल्युमिनियम ७० टक्के, मॅग्नेशियम ३०. कागदावर सुरेख. पण भाजक पाहा, ०.२३११. ऑक्साइडच्या वजनात एक मिलिग्रॅम चुकला तर ॲल्युमिनियममध्ये ४.३ मिलिग्रॅमची चूक शिरते. दोन गुणोत्तरे जितकी जवळ, तितकी चूक जास्त फुगते. शिवाय तिसरा धातू थोडासा जरी असला तरी समीकरण तक्रार न करता चुकीचे उत्तर देते. वहीसाठी ठीक, प्रमाणपत्रासाठी नाही.

पितळ आणि काशाला हाच क्रम चालेल का?

पितळ म्हणजे मुख्यतः तांबे आणि जस्त, तेव्हा चांदीची पायरी वगळून पुढचे सगळे तसेच. कापायला सोपे जावे म्हणून पितळात शिसे घातलेले असते. सल्फ्युरिक आम्लाबरोबर पांढरा धूर येईपर्यंत आटवले की ते लेड सल्फेट होऊन बाजूला येते, गुणक ०.६८३२. काशात कथील असते. ते नायट्रिक आम्लात विरघळत नाही, पांढरे मेटास्टॅनिक आम्ल होऊन तळाशी बसते. तापवून स्टॅनिक ऑक्साइड करून तोलायचे, गुणक ०.७८७७. हा पांढरा साका तांबे-लोखंड धरून ठेवतो, म्हणून तापवल्यावर पिवळसर किंवा मळका दिसला तर तो शुद्ध नाही.

तांबे जास्त असेल आणि प्लॅटिनमची जाळी उपलब्ध असेल तर थायोसायनेटच्या भानगडीत पडू नये. विजेच्या प्रवाहाने तांबे जाळीवर चढवून जाळीच तोलावी. इथे गुणक एक, कारण तोलतो ते तांबेच. वॉल्कॉट गिब्ज यांनी १८६४ मध्ये ही पद्धत मांडली.

गाळणकागद वापरू की सिंटर्ड ग्लासची (सच्छिद्र काचेच्या तळाची) मूस?

चांदी, तांबे आणि निकेलचे साके वाळवून तोलायचे, म्हणून सिंटर्ड ग्लास. सिल्व्हर क्लोराइड कागदावर गाळून कागद जाळला तर कोळसा त्यातली काही चांदी मोकळी करतो. लेड सल्फेटलाही तोच धोका. जस्त आणि कथील जास्त तापवायचे असल्याने राखरहित कागद आणि पोर्सिलेनची मूस.

स्थिर वजन म्हणजे किती वेळा तोलायचे?

वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, तोला. पुन्हा वाळवा, थंड करा, तोला. लागोपाठच्या दोन वजनांत ०.२-०.३ मिलिग्रॅमपेक्षा कमी फरक येईपर्यंत. गरम मूस तराजूवर ठेवू नका, वर चढणाऱ्या हवेने ती हलकी भरते. कोकणातल्या पावसाळ्यात डेसिकेटरचे झाकण उघडे राहिले तर दुसरे वजन पहिल्यापेक्षा जास्त येते, आणि विद्यार्थी साक्याला दोष देतात.

टंच (सोन्या-चांदीची शुद्धता) काढणारा यंत्रावर दोन मिनिटांत सांगतो. मग हा दोन दिवसांचा खटाटोप कशाला?

त्याचे यंत्र क्ष-किरणांनी चालते आणि पृष्ठभागाचा फार पातळ थर वाचते. एकजिनसी, घासून स्वच्छ केलेल्या पट्टीवर ते उत्तम काम करते. मुलामा दिलेल्या वस्तूवर किंवा वर सांगितल्याप्रमाणे चांदी साचलेल्या जुन्या नाण्यावर ते वरच्या थराचेच उत्तर देते. शिवाय यंत्र जुळवायला ठाऊक प्रमाणाचे नमुने लागतात, आणि त्या नमुन्यांचे प्रमाण शेवटी रासायनिक पद्धतीनेच ठरवावे लागते. रोजच्या व्यवहाराला यंत्र, वादाला रसायन.

सोन्याचेही असेच करतात का?

सोन्याची अधिकृत तपासणी वजनावरच चालते, फक्त साका पाडत नाहीत. नमुन्यात ठरलेल्या प्रमाणात चांदी मिसळून, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून कुपेलमध्ये (सच्छिद्र छोट्या वाटीत) तापवतात. शिसे आणि हीण धातू ऑक्साइड होऊन कुपेलमध्ये मुरतात. उरलेला सोने-चांदीचा मणी लाटून नायट्रिक आम्लात टाकला की चांदी विरघळते आणि सोने तोलायला उरते. गुणक एक.

रुपया न तोडता कोणता आहे ते कळेल का?

आधी वर्ष बघा, बहुतेक वेळा तेवढे पुरते. वर्ष झिजले असेल तर घनता काढा. हिशेबाने जुन्या चांदीच्या रुपयाची घनता १०.३ च्या आसपास आणि चार धातूंच्या रुपयाची ९.५ च्या आसपास येते. ११.६६ ग्रॅमचे नाणे दोऱ्याने पाण्यात टांगले तर पहिल्याचे वजन साधारण १.१३ ग्रॅमने कमी भरेल, दुसऱ्याचे १.२२ ने. फरक ग्रॅमच्या जेमतेम दहाव्या हिश्शाचा, त्यामुळे स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही, सराफाचा ०.०१ ग्रॅमचा काटा चालेल. हे फक्त "या दोघांपैकी कोणता" एवढेच सांगते, अनोळखी मिश्रधातूचे प्रमाण घनतेवरून निघत नाही.

प्रात्यक्षिकासाठी पाच रुपयांचे जुने जाड नाणे विरघळवले तर?

नको. त्यात ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल असते आणि नमुना म्हणून ते मोहात पाडते खरे, पण नाणे अधिनियम, २०११ प्रमाणे नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा आहे. त्याच प्रमाणात तांब्याची तार आणि निकेलचा पत्रा तोलून विरघळवा. खरे प्रमाण तुम्हालाच ठाऊक असेल, हा वर फायदा.

तोलून झालेल्या सिल्व्हर क्लोराइडचे काय करायचे?

टाकू नका, एका गडद बाटलीत वर्षभर साठवा. पुरेसे झाले की पातळ सल्फ्युरिक आम्लात जस्ताच्या तुकड्यांबरोबर ठेवा. राखाडी चांदी मोकळी होते, ती धुऊन नायट्रिक आम्लात विरघळवली की पुन्हा सिल्व्हर नायट्रेट. मूस स्वच्छ करायला अमोनिया वापरलात तर ते द्रावण त्याच दिवशी नायट्रिक आम्लाने आम्लयुक्त करा. चांदीचे अमोनियातले द्रावण साठवून ठेवले की त्यात स्फोटक काळा साका बनतो, आणि तो बाटली हलवल्यानेही उडतो.